सहा लाखांचे दोन आठवडे आणि कढीपत्त्यावरच्या अळ्या

पत्राचा सारांश : मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असलेल्या एका आईचे हे पत्र आहे. त्यांच्या मुलीची दहावीची परीक्षा मार्चच्या मध्याला संपली. त्यानंतरच्या रविवारी पती-पत्नी छत्रपती संभाजीनगरच्या एका हॉटेलात भरलेल्या चर्चासत्राला गेले. तेथे एका सल्लागार संस्थेने अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आवारात जूनअखेरीस होणाऱ्या दोन आठवड्यांच्या ‘प्री-कॉलेज’ कार्यक्रमाची माहिती दिली. विमानभाड्यासह खर्च सहा लाख रुपये. ‘हे प्रमाणपत्र हाती असले की पुढे परदेशी प्रवेश सोपा होतो,’ असे तेथे सांगण्यात आले. जागा राखून ठेवायची तर पंचवीस हजार रुपये येत्या शुक्रवारपर्यंत भरायचे आहेत. वडील पतसंस्थेत नोकरीला आहेत. पुण्यातल्या चुलतभावाने गेल्या वर्षी आपल्या मुलाला असेच पाठवले होते, त्यामुळे मुदत ठेव मोडायची त्यांची तयारी आहे. आईंचा कल मात्र लातूरच्या एका क्लासच्या एप्रिलच्या बॅचकडे आहे. मुलगी ‘मला यातले काहीच नको’ म्हणते आणि परसातल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या मिठाईच्या डब्यात ठेवून त्यांच्याकडे पाहत बसते. इतकी मोठी सुट्टी वाया जाऊ द्यायची का, आणि ही संधी आज नाकारली तर पुढे मुलगी आपल्याला दोष देईल का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई,

तुमच्या पत्रात ‘वाया’ हा शब्द चार वेळा आला आहे. चारही वेळा तो सुट्टीसाठी आला आहे. सहा लाखांसाठी एकदाही आलेला नाही.

यात तुमची काही चूक नाही. दहावीनंतरच्या या तीन महिन्यांची धास्ती प्रत्येक पिढीने आपापल्या परीने घेतलेली आहे. आमच्या वेळी परीक्षा संपली की चार दिवसांत मुलामुलींना टायपिंगच्या क्लासला घालत असत. मिनिटाला तीस शब्दांची ‘इंग्रजी तीस’ची परीक्षा दिली नाही तर नोकरीच मिळायची नाही, अशी घरोघरी समजूत होती. २००१ नंतर ती जागा एमएस-सीआयटी या संगणकाच्या अभ्यासक्रमाने घेतली आणि आता ती फाउंडेशन बॅच आणि प्री-कॉलेज यांनी घेतलेली दिसते. टायपिंगचा मला आयुष्यभर उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ते प्रमाणपत्र मात्र आजवर कोणी पाहायला मागितलेले नाही. आणि त्या क्लासची फी घरखर्चातून निघत असे, तिच्यासाठी कोणी ठेव मोडत नसे.

आधी या परदेशी कार्यक्रमाविषयी लिहिते, कारण शुक्रवार जवळ आहे. शाळकरी मुलांना उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या आवारात आणून पुढच्या शिक्षणाची तयारी करून घ्यायची, ही रीत अमेरिकेत रुजली आणि तिच्यामागचा हेतू फार चांगला होता. १९६४ च्या आर्थिक संधी कायद्यातून तेथे ‘अपवर्ड बाउंड’ नावाची योजना उभी राहिली. ज्या घरांतून तोवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते, अशा गरीब घरांतल्या मुलांना सरकारी खर्चाने शिकवणे, वसतिगृहात राहण्याची सवय लावणे, अर्ज कसे भरायचे हे समजावणे, असे तिचे काम होते. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठानेही १९७५ मध्ये अशाच हेतूने विनाशुल्क उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. पुढे बाजाराच्या ध्यानात आले की उन्हाळ्यात वसतिगृहे रिकामी असतात आणि पैसे मोजायला तयार असलेले पालक पुष्कळ असतात. ज्यांच्याकडे काही नव्हते त्यांच्यासाठी निघालेली गोष्ट अशा रीतीने ज्यांच्याकडे मोडायला ठेव आहे त्यांच्या दाराशी आली.

म्हणून असा कोणताही कार्यक्रम समोर आला की मी एकच गोष्ट आधी पाहते : निवड कोण कोणाची करते आहे? १९८४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे एमआयटीमध्ये भरू लागलेल्या ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’ या उन्हाळी कार्यक्रमात जगभरातून शंभरच्या आसपास मुले घेतात आणि शिकवण्याचे, राहण्याचे, जेवणाचे पैसे घेत नाहीत. १९५७ पासून चालत आलेल्या ‘रॉस’ गणित कार्यक्रमाला शुल्क आहे. पण अर्जासोबत गणिताचे कठीण प्रश्न सोडवून पाठवावे लागतात आणि कित्येकांना नकार येतो. येथे कार्यक्रम मुलांची निवड करतो, म्हणून तेथे जाऊन आल्याला वजन आहे. दुसरा प्रकार विद्यापीठे स्वतः चालवतात त्या सशुल्क वर्गांचा. तेथे शिकवणे चांगले असू शकते, पण बऱ्याच ठिकाणी पैसे भरणाऱ्या बहुतेकांना प्रवेश मिळतो. तिसरा प्रकार बाहेरच्या कंपन्यांचा. या कंपन्या विद्यापीठाचे वर्ग आणि खोल्या भाड्याने घेतात, शिकवणारी माणसे आपली आणतात, आणि माहितीपत्रकावर घंटाघराचे छायाचित्र छापतात. तुमच्या पत्रातले ‘विद्यापीठाच्या आवारात’ हे शब्द मी दोनदा वाचले. विद्यापीठाचा कार्यक्रम आणि विद्यापीठाच्या आवारातला कार्यक्रम यांत तितकेच अंतर आहे, जितके मंगल कार्यालयाच्या मालकाच्या घरचे लग्न आणि त्याच्या कार्यालयात लागलेले लग्न यांत असते.

हे कळायला अवघड नाही. संस्थेला एक ईमेल पाठवा आणि लेखी उत्तर मागा. पावती कोणाच्या नावाने मिळणार? विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर या कार्यक्रमाचे पान आहे का? शिकवणारे त्या विद्यापीठाचे अध्यापक आहेत का? गेल्या वर्षी किती अर्ज आले आणि किती नाकारले? व्हिसा मिळाला नाही तर कोणती रक्कम परत मिळेल? पंधरा वर्षांच्या मुलीची रात्री जबाबदारी कोणावर आहे आणि आजारपणाचा विमा कोण उतरवणार? चौथ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आले किंवा काहीच आले नाही, तर तेही उत्तर समजा. व्हिसाच्या अर्जाची फी तर नकार आला तरी परत मिळत नाही.

‘प्रवेश सोपा होतो’ हे विधानही थोडे तपासून पाहू. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालये ‘कॉमन ॲप’ नावाच्या सामाईक अर्जावर प्रवेश देतात. त्यात वर्गाबाहेर काय काय केले हे लिहायला दहा रकाने असतात आणि प्रत्येकात वर्णनासाठी दीडशे अक्षरांची जागा असते. तुमच्या सहा लाखांना त्यांतला एक रकाना मिळेल. तो वाचणाऱ्या माणसाला हे कार्यक्रम, त्यांच्या किमती आणि त्यांचे प्रकार आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असतात. शिवाय पदवीसाठी मुलीला अमेरिकेला पाठवायचे, हे तुमच्या घरात खरोखर ठरले आहे का? पत्रात मला ते कोठे दिसले नाही. चार वर्षांच्या शिक्षणाचा खर्च या रकमेच्या कित्येक पट असतो. तो झेपणार नसेल तर हे दोन आठवडे ज्या दाराची किल्ली म्हणून विकले जात आहेत, ते दार तुमच्या घराला नाहीच. आणि ती येथेच शिकणार असेल, तर अभियांत्रिकी, वैद्यक, कृषी, औषधनिर्माण यांचे प्रवेश सीईटी, नीट आणि जेईई यांच्या गुणांवर होतात. तेथे हे प्रमाणपत्र दाखवायला खिडकीच नाही.

एक अडचण चर्चासत्रात कोणी सांगितली नसावी. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. त्या वर्षी दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि प्रवेशाच्या फेऱ्या जून-जुलैच्या पुढेही चालल्या. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळून ठरलेल्या दिवसांत प्रवेश निश्चित केला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. त्या दिवसांत मुलगी सातासमुद्रापार आणि तुम्ही येथे महाविद्यालयाच्या खिडकीसमोर, हा प्रसंग डोळ्यांसमोर आणून पाहा.

आता लातूरचा क्लास. तुम्ही स्वतः शिक्षिका आहात, म्हणून स्पष्ट लिहिते. लातूरच्या शिकवण्याची शिस्त मी जवळून पाहिली आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. ज्या मुलाला डॉक्टर व्हायचेच आहे त्याला तिचा फायदा होतो. पण तुमच्या मुलीने तसे म्हटलेले नाही. दोन वर्षांच्या बॅचचे पैसे भरल्यावर ‘मला हे आवडत नाही’ असे म्हणण्याची मुलांची हिंमत राहत नाही, आणि मला त्या पैशांपेक्षा त्या गप्प बसण्याची अधिक भीती वाटते. तरीही क्लास लावायचाच ठरला, तर एवढे माहीत असू द्या की केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. प्रवेश घेण्याआधी ही अट त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. ती लिहून देताना त्यांचा चेहरा कसा होतो, त्यावरूनही बरेच कळेल.

निर्णय एप्रिलमध्येच झाला पाहिजे, या समजुतीतही फारसे तथ्य नाही. विज्ञान शाखा घेतली तर अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवता येतात. अभ्यास वाढतो, हे खरे; पण जिचे अजून ठरलेले नाही तिने यांतला एक विषय आज सोडू नये, असे माझे मत आहे. पुण्याला आयसर ही विज्ञानाचे शिक्षण आणि संशोधन करणारी संस्था आहे. तिच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत मला ही वाट आत्ताच बंद करावीशी वाटत नाही, कारण तो मिठाईचा डबा.

तुमच्या पत्रात त्या डब्याचा उल्लेख तक्रारीच्या ओळीत आला आहे. मला मात्र सगळ्या पत्रात तीच ओळ सर्वांत आशेची वाटली. ‘काहीच नको’ म्हणणारी मुलगी रोज सकाळी उठून अळ्यांना ताजा पाला घालते, म्हणजे तिला काहीतरी हवे आहे. तुम्ही पुढे ठेवलेल्या दोन ताटांत ते नाही, इतकेच. शिवाय ती बोर्डाच्या परीक्षेतून नुकतीच बाहेर पडली आहे. पंधरा दिवस तिला काहीही विचारू नका. झोपू द्या, आजोळी जाऊ द्या.

त्यानंतर तिच्या या आवडीला थोडे कसाला लावता येईल, आणि तेही घरखर्चाच्या पैशांत. आवडीची परीक्षा अशी स्वस्तात करून घेणे हेच या वयातल्या सुट्टीचे खरे काम आहे, असे मी मानते. तिला दोनशे पानांची वही आणि एक साधे भिंग आणून द्या. अळी कोणत्या तारखेला सापडली, किती पाने खाल्ली, कात कधी टाकली, कोष कधी केला, फुलपाखरू कधी बाहेर आले, हे सगळे तिने लिहायचे आणि चित्र काढायचे. दोन महिन्यांनंतरही वही चालू असेल तर ती आवड आहे; वीस पानांवर थांबली तर तो चाळा होता, आणि हेही वीस पानांत कळले, म्हणजे फारच थोड्या खर्चात कळले. आयनॅचरलिस्ट नावाच्या मोफत ॲपवर तिने छायाचित्रे टाकली तर जगभरातले जाणकार कीटकाची ओळख पटवून देतात. मोबाइल तिच्या हातात आहेच, तर त्याचा हाही उपयोग होऊ द्या.

मग तिला तुमच्याच भागातले एखादे काम पाहायला पाठवा. मराठवाड्यात तुतीची लागवड करून रेशीम कोष काढणारे पुष्कळ शेतकरी आहेत, आणि २०१८ पासून जालन्याला कोषांची बाजारपेठ आहे. कडक उन्हात बरेच जण बॅच घेत नाहीत, म्हणून जिल्हा रेशीम कार्यालयात विचारून, पाऊस पडून हवा निवळल्यावर एखाद्या ओळखीच्या घरच्या शेडमध्ये तिला आठ दिवस जाऊ द्या. चॉकीतून, म्हणजे बाल्यावस्थेतल्या अळ्या वाढवणाऱ्या केंद्रातून, आणलेल्या लहान अळ्या, त्यांच्या चार काती, शेवटच्या अवस्थेत पाला खातानाचा तो पावसाची सर कोसळल्यासारखा आवाज, मग चंद्रिकेवर, म्हणजे कोष करण्यासाठी ठेवलेल्या जाळीवर, चढून कोष करणे, हे ती पाहील. पहाटे उठून पाला तोडणे, शेड धुणे, रोग आला तर सगळी बॅच फेकून देणे आणि बाजारात भाव पडला तर घरात काय होते, हेही तिला तेथे दिसेल. अळी आवडणे आणि अळीवर पोट असणे यांतला फरक अमेरिकेच्या त्या वर्गात तिला कोणी दाखवणार नाही.

परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे आणि तेथे कीटकशास्त्राचा विभाग आहे. जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र तर त्याहून जवळ असेल. ‘मी दहावीची परीक्षा दिली आहे, मी अळ्यांच्या नोंदी ठेवते, मला एक दिवस तुमचे काम पाहता येईल का,’ असे पत्र मुलीने स्वतःच्या हाताने लिहावे. तुम्ही लिहू नका, ओळखीतून फोनही करू नका. दोन पत्रांना उत्तर येणार नाही, तिसऱ्याला येईल. अनोळखी मोठ्या माणसाला नीट पत्र लिहिता येणे ही महाविद्यालयाची सगळ्यांत चांगली पूर्वतयारी आहे, आणि ती पोस्टाच्या तिकिटात होते. २०१७ साली कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीने आपल्या भागातल्या किती घरांचे हिशेब विस्कटले, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१८ मध्ये मक्यावरची लष्करी अळी देशात शिरली आणि पुढे आपल्या शिवारातही आली. अळ्यांकडे तासन्‌तास पाहणारी माणसे कोणाला रिकामटेकडी वाटत असतील, पण कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाला ती हवी आहेत. कृषी पदवीची वाट सीईटीतून जाते, आणि आयसरची त्या दुसऱ्या परीक्षेतून. तिला त्यांतले काय आवडेल, की यातले काहीच नाही, हे दोन वर्षांनी ठरू द्या.

असेच प्रश्न घेऊन इतरही पालक लिहितात, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. मूल नववीत असेल तर इस्रोचा ‘युविका’ हा कार्यक्रम पाहावा. २०१९ मध्ये सुरू झालेला हा दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम साधारण मे महिन्यात भरतो, खर्च इस्रो करते आणि निवडीत ग्रामीण भागातील मुलांना झुकते माप असते. मात्र अर्ज उन्हाळ्याच्या बऱ्याच आधी भरावा लागतो, आणि एप्रिलमध्ये चौकशी करणाऱ्यांची गाडी दरवर्षी चुकते. पुण्यातील आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आठवी-नववीच्या मुलांना उन्हाळ्यात एकेक आठवडा शास्त्रज्ञांसोबत काम करू देत आली आहे. विज्ञानाची खरी ओढ असलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांनी नोव्हेंबरमधल्या ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेला बसावे. वरच्या फेरीपर्यंत पोचलेल्यांची शिबिरे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होतात आणि तेथे पैसे देऊन जाता येत नाही. नववी ते बारावीच्या मुलींसाठी केंद्र सरकारची ‘विज्ञान ज्योती’ योजना आहे. जवळच्या नवोदय विद्यालयात तिची चौकशी करावी. आणि विज्ञान नको असलेल्या मुलांनी निराश व्हायचे कारण नाही. वकील व्हावेसे वाटते त्याने तालुका न्यायालयात मागच्या बाकावर आठवडाभर बसून तारखा कशा पडतात ते पाहावे. सीए व्हावेसे वाटते तिने ओळखीच्या कार्यालयात जुलैच्या गर्दीत पावत्या लावून पाहाव्यात. निम्मी मुले ‘हे मला नको’ असे ठरवून परततील, आणि ती सुट्टी कारणी लागली असेच मी म्हणेन.

तुमच्या यजमानांविषयी. चुलतभावाचा मुलगा जाऊन आला, हे त्यांच्या मनात सलते आहे आणि त्यात बापाची माया आहे. म्हणून ‘उगाच पैसे उधळता’ असे म्हणू नका. त्यांना त्या पुतण्याशीच फोनवर बोलायला सांगा. त्याने तेथे काय पाहिले हे विचारावे, आणि तेथून आल्यापासून त्या विषयातले आपणहून काय वाचले किंवा केले, हेही विचारावे. उत्तर भरघोस आले तर मी माझे मत बदलेन, आणि मग हाच विचार बारावीच्या सुमारास, पूर्ण माहितीनिशी पुन्हा करता येईल. ठेव मोडायची तर ती पदवीच्या वेळी मोडावी, आणि तोवर तिच्यावर व्याज चढत राहील, ही गोष्ट पतसंस्थेतल्या माणसाला पटवावी लागणार नाही. शुक्रवारच्या मुदतीची चिंता करू नका. दोन दिवसांत निर्णय मागणारी जागा बहुधा शनिवारीही रिकामी असते.

मुलगी पुढे दोष देईल का, असे तुम्ही विचारले आहे. मुले आईवडिलांना कशासाठी ना कशासाठी दोष देतातच. तो टाळण्याचा विमा सहा लाखांत मिळत नाही. पण हा निर्णय तिला समोर बसवून, आकडे दाखवून घ्या. घरात किती पैसे आहेत आणि ते कशासाठी ठेवले आहेत, हे कळण्याइतकी ती मोठी आहे. मग तीच म्हणाली की मला जायचे आहे, तर मला पुन्हा लिहा. तो वेगळा प्रश्न असेल आणि त्याचे उत्तरही वेगळे असेल.

ता. क. : डब्याच्या झाकणाला तुम्ही भोके पाडून दिली आहेत, असे लिहिले आहे. या उन्हात तेवढे पुरणार नाही. झाकणाऐवजी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधा आणि डबा खिडकीतल्या उन्हातून आत घ्या. अळी खायचे थांबून सैरावैरा फिरू लागली की कोषाची वेळ आली समजावे. तेव्हा आत एक उभी काडी लागेल, आणि डबा पसरट असेल तर उंच बरणी घ्यावी, म्हणजे फुलपाखराला पंख खाली सोडून वाळवता येतील. दीड-दोन आठवड्यांत, बहुधा सकाळच्या वेळी, ते बाहेर येईल. त्या दिवशी चहा थोडा उशिरा ठेवा.